डिफरन्शियलचं ऑइल घरी बदलताना: आधी वरचा प्लग, मग खालचा

पावसाळा सरला की चोर्ला, अनमोड, आंबोली या घाटांतून ये-जा करणाऱ्या गाड्यांची गॅरेजच्या दारात गर्दी होते. ब्रेक बघितले जातात, इंजिन ऑइल बदललं जातं, खालून फवारा मारून लाल चिखल धुतला जातो. मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा मात्र बहुतेकदा तसाच राहतो. हाच डिफरन्शियल. त्यातलं ऑइल बदलणं हे घरच्या अंगणात जमण्यासारखं काम आहे: दोन प्लग, एक-दोन लिटर ऑइल आणि तास-दीड तास. अडचण ऑइलची नसतेच, ती असते गंजून बसलेल्या बोल्टची. एक बोल्ट तुटला की तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं आणि गाडी अंगणातच उभी राहते. म्हणून या लेखात बोल्टला ऑइलपेक्षा जास्त जागा दिली आहे.

हा गोळा करतो काय

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली गाडी पूर्ण उलटी वळवली, तर बाहेरचं चाक सुमारे ४.४ मीटर जास्त फिरतं. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर पक्की बसवली असती तर वळणावर टायर घासले असते आणि एक्सलवर ताण आला असता. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना द्यायचा आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू द्यायचं, हे काम डिफरन्शियल करतो.

प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला असलेला लहान पिनियन आत मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतो. बहुतेक गाड्यांत हा पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा थोडा खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, घासत सरकतातही. साधं ऑइल तिथे टिकत नाही. म्हणून गंधकयुक्त रसायनं घातलेलं गिअर ऑइल लागतं. डबा उघडल्यावर जो उग्र वास येतो तो त्याच गंधकाचा. एकदा कपड्याला लागला की दोन-तीन धुण्यांत जात नाही; जुना शर्ट घालूनच कामाला लागा.

हे सगळं मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी आहे: बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, इनोव्हा, ओम्नी, ईको, टाटा एस, जुन्या जीपा. स्विफ्ट, आय-१० अशा पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो, त्याला वेगळं ऑइल नसतं.

वरचा प्लग आधी का

गोळ्याला दोन प्लग असतात. एक तळाशी, ऑइल काढण्यासाठी. दुसरा बाजूला किंवा मागे, साधारण निम्म्या उंचीवर, ऑइल भरण्यासाठी. नवखा माणूस हमखास आधी खालचा खोलतो. ऑइल निघून जातं, आणि मग कळतं की भरायचा प्लग हलतच नाही. आता आत ऑइल नाही, भरायला वाट नाही आणि गाडी चालवून गॅरेजला नेणंही शक्य नाही.

हा शहाणपणा मला फुकट आलेला नाही. घरच्या जुन्या गाडीवर एका रविवारी मी नेमकं हेच केलं होतं. सोमवारी दुसऱ्या गाडीला दोरी बांधून ती ओढत न्यावी लागली आणि गल्लीतल्या सगळ्यांनी कौतुकानं बघितली. तेव्हापासून नियम एकच: भरायचा प्लग सुटल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. वरचा सुटला नाही तर ऑइल आत असतानाच गाडी मिस्त्रीकडे न्यायची.

गाडीखाली शिरण्याआधी

बोलेरो, जीप, सुमो यांच्याखाली जॅक न लावताही हात पोचतो. पोचत असेल तर जॅक लावूच नका. ऑइलची पातळी बरोबर यायलाही गाडी सपाट जमिनीवर उभी असावी लागते. नुसतं मागून उचललं तर पातळी चुकते. ज्या गाड्या बुटक्या आहेत त्यांच्या एक्सलखाली दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड हवेतच. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, आणि विटा रचून तर मुळीच नाही. वीट सांगून फुटत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो, मागचा भाग उचलल्यावर त्याचा उपयोग राहत नाही.

काम सुरू करण्याआधी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा. कोमट ऑइल पातळ होऊन पटकन उतरतं आणि तळाचा गाळही सोबत आणतं.

बोल्ट का अडकतो आणि कसा सोडवायचा

लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. बोल्ट आणि भोक यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, ती गंजानं गच्च भरते. गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा, घाटावर महिनोन्‌महिने पाऊस आणि चिखल, त्यामुळे आपल्याकडच्या गाड्यांना हा आजार जास्त. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कोरड्या हवेत तोच बोल्ट दहा वर्षांनीही निमूट सुटतो. गंजाशिवाय दुसरंही कारण असतं: मागच्या वेळी कुणीतरी अंगातला सगळा जोर लावून आवळलेला असतो.

पहिलं काम सफाईचं. तारेच्या ब्रशनं प्लगच्या भोवतीची आणि डोक्याच्या खाचेतली माती पूर्ण काढा. काही प्लगना बाहेरून षटकोनी डोकं असतं, काहींना आत चौकोनी खाच, काहींना एल-की लागते. खाचेत माती राहिली तर पाना पूर्ण आत बसत नाही आणि पहिल्याच झटक्याला कडा उडतात. बहुतेक प्लग गंजानं नाही, या घाईनं खराब होतात.

पाना नेमक्या मापाचा हवा. (पाना हा शब्द बेळगावात चालतो, इंदुरात चालतो, बडोद्यात पानुं होऊन चालतो, गॅरेजची भाषा राज्याच्या हद्दी फारशा मानत नाही.) अडकलेल्या बोल्टला फिक्स पाना लावू नका, तो दोनच बाजूंना धरतो. गोटी पाना लावा, आणि तोही आतून सहा कोनांचा. बारा कोनांची गोटी लावायला सोपी, पण जोर कोपऱ्यांवरच पडतो आणि डोकं गोल होतं.

मग तेल. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं, पण ते १९५३ साली तयार झालं ते मुळात पाणी हटवण्यासाठी. नावातला डब्ल्यूडी त्याचाच आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. हलक्या गंजाला ते चालतं. जुन्या गंजाला आट्यांत शिरणारं खास पेनिट्रेटिंग ऑइल चांगलं. यापेक्षा महत्त्वाचा आहे वेळ. आदल्या रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा, प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे पाच-सहा सरळ, बेताचे ठोके द्या. ठोक्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. आदल्या रात्री केलेली ही दोन मिनिटांची तयारी सकाळचं निम्मं काम करते.

आता फिरवणं. आधी किंचित आवळायच्या दिशेनं दाब द्या. उलटं वाटेल, पण गंजाची पकड अशीही सुटते. बोल्ट एवढासा जरी हलला, तरी लगेच सोडवत सुटू नका. पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, पुन्हा मागे. गंजाची भुकटी आट्यांत साचते, सलग फिरवलं तर तीच पाचर होऊन बसते. ‘कर्र’ असा कोरडा आवाज आला की थांबा. आणि पाना ढकलू नका, स्वतःकडे ओढा. सुटला तर ढकलणाऱ्याची बोटं चेसिसवर आपटतात.

पान्याला पाइप लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याचा हिशेब आधी करून बघा. ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर ३० किलोचा जोर म्हणजे साधारण ९० न्यूटन-मीटर. ९० सेंटिमीटरचा पाइप लावला की तोच जोर २७० होतो. मोठ्या ड्रेन प्लगला हे एक वेळ चालेल. पण जुन्या जीपांच्या डिफरन्शियलला मागे पत्र्याचं झाकण असतं आणि ते बारीक बोल्टवर असतं. १३ नंबरचा पाना लागणारा ८ मिलिमीटरचा बोल्ट २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. त्याला पाइप लावणं म्हणजे तो तोडायचं ठरवूनच बसणं.

शेवटचा उपाय उष्णता. २० मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापलं की सुमारे ०.०५ मिलिमीटर रुंदावतं. एवढंही पुरतं. नट असेल तर नट तापवायचा, आतला बोल्ट नाही. बोल्ट तापवला तर तोच फुगून आणखी घट्ट बसतो. जुने मिस्त्री तापलेल्या जागी मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. युक्ती खरीच चालते. पण ऑइलनं भरलेल्या डिफरन्शियलच्या प्लगवर घरी ज्योत धरू नका. जवळ ब्रेकचे पाइप असतात, काही गाड्यांत डिझेलची टाकी असते आणि तुम्ही रात्रभर मारलेलं तेलही पेटतं. हे काम गॅरेजमध्येच होऊ द्या.

डोकं गोल झालं किंवा बोल्ट तुटला

डोकं थोडंच घसरलं असेल तर एक माप लहान गोटी हातोडीनं ठोकून बसवा. १३ नंबरच्या डोक्यावर अर्ध्या इंचाची गोटी, म्हणजे १२.७ मिलिमीटर, घट्ट बसते. नाहीतर कानशीनं दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून व्हाइस ग्रिप लावा. तेही नाही जमलं तर वेल्डर त्यावर नवा नट जोडून देतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकडही सुटते, म्हणून हा उपाय अनेकदा यशस्वी होतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढायला विसरू नका.

बोल्ट आत तुटला तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करायचं. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरताना जपून. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. हात बसलेला नसेल तर इथेच थांबा. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाले जुने आटे साफ करून, लागलं तर मोठ्या मापाचे आटे पाडून देतात. डिफरन्शियलच्या हाउसिंगचे आटे वाचवणं नवं हाउसिंग घेण्यापेक्षा केव्हाही परवडतं.

निघालेलं ऑइल वाचा

ऑइल स्वच्छ, पसरट भांड्यात काढा आणि उजेडात बघा. प्लगला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसेल. तो नेहमीचाच, पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे किंवा दाताचा कपचा सापडला तर नवं ऑइल भरून उपयोग नाही, गोळा उघडावा लागेल.

ऑइल दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. एक्सलवर ब्रीदर नावाची बारीक श्वासनळी असते. गरम एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं. बुडालेल्या पुलावरून किंवा साकवावरून गाडी काढली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल लगेच तपासा. उलट ब्रीदर चिखलानं बुजला तर आत दाब वाढतो, एक्सलचे सील गळू लागतात आणि ऑइल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. ऑइलनं भिजलेले ब्रेक शू घाट उतरताना धरत नाहीत. म्हणून ऑइल बदलताना ब्रीदर काढून, डिझेलनं धुऊन, फुंकर आरपार जाते का ते बघाच.

भरताना

कोणतं ऑइल आणि किती, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, तेच भरा. बहुतेक मागच्या एक्सलना जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा तत्सम ऑइल लागतं. दुकानात नुसतं ‘नव्वद नंबर द्या’ म्हटलं तर जीएल-४ हाती पडू शकतं. डब्यावरचा दर्जा वाचून घ्या. उलटपक्षी, उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथल्या पितळी रिंगांना ते बाधू शकतं. थार किंवा बोलेरो निओच्या काही मॉडेलांत लॉकिंग डिफरन्शियल येतो, त्याच्या ऑइलबाबत स्वतःचा अंदाज चालवू नये.

खालचा प्लग नव्या वॉशरसह बसवा, आटे आधी पुसून. बाटलीला नळी लावून किंवा हातपंपानं ऑइल भरत राहा. वरच्या भोकातून ते थेंब-थेंब बाहेर येऊ लागलं की पातळी झाली. ओघळ थांबू द्या आणि प्लग लावा. ‘थोडं जास्त असू दे’ ही आपली सवय इथे महागात पडते. जास्तीचं ऑइल सील फोडून पुन्हा ब्रेककडेच जातं.

जुनं ऑइल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासायची पद्धत खेड्यांत आहे. विहीर किंवा ओढा जवळ असेल तर तेही नको. नियमानुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

गाडी सुरू केल्यावर वेग धरताना किंवा सोडताना ‘हूँऽऽ’ असा आवाज येत असेल आणि नव्या ऑइलनंही तो गेला नसेल, तर क्राऊन-पिनियनची फट बदलली आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. ती फट मिलिमीटरच्या दहाव्या भागात बसवावी लागते, त्याला डायल गेज आणि बसलेला हात हवा. ते अंगणातलं काम नाही. आवाज नसेल तर शे-सव्वाशे किलोमीटरनंतर दोन्ही प्लगखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर गाडी उभी करा आणि सकाळी डाग पडलाय का ते बघा.