भांडण मिटवायची घाई नको

ह्या शनिवारी जरा वेगळा विषय. भांडणाचा. म्हणजे भांडण मिटवण्याचा नव्हे, नीट होऊ देण्याचा. ह्या कामात ज्याने अख्खं आयुष्य घातलं तो अर्नोल्ड मिंडेल जून २०२४ मध्ये ८४ व्या वर्षी गेला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस, एमआयटीत शिकलेला.. म्हणून माझं लक्ष गेलं, खोटं कशाला बोलू :-)

१९६१ साली हा पोरगा अमेरिकेतून झुरिचला आला. तिथलं पॉलिटेक्निक म्हणजे आइनस्टाइन जिथे शिकला आणि वोल्फगांग पाउली १९५८ पर्यंत जिथे शिकवत होता ती जागा. हाच पाउली आपली स्वप्नं कार्ल युंगला कळवायचा आणि दोघांचा त्यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालायचा. त्यामुळे झुरिचमध्ये भौतिकशास्त्राकडून मानसशास्त्राकडे जायला पायवाट आधीच पडलेली होती. युंग स्वतः ६ जून १९६१ ला वारला, पण त्याची जवळची सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ होती. मिंडेल तिच्याकडे जाऊ लागला, मग युंगच्या संस्थेत रीतसर शिकला आणि पुढे तिथेच शिकवूही लागला.

युंगवाले स्वप्नांवर काम करायचे. मिंडेलला प्रश्न पडला की आजारी शरीराचं काय? त्याने स्वतः लिहिलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. पोटाच्या कॅन्सरचा एक रुग्ण, दुखण्याने बेजार. मिंडेलने दुखणं कमी करायच्या ऐवजी त्याला ते वाढवून बघायला सांगितलं. वाढवता वाढवता तो माणूस म्हणाला की मला फुटायचंय, मी आयुष्यभर कधी फुटलोच नाही. पुढे तो अपेक्षेपेक्षा जास्त जगला असं मिंडेल सांगतो. आता एका किश्शावरून कॅन्सरबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे मी सांगायला नको. पण पद्धत बघा. त्रास दाबायचा नाही, आवाज वाढवून ऐकायचा. आपण नाही का, बग सापडेना की लॉगिंग वाढवतो, तसंच काहीसं.

१९८२ च्या ‘ड्रीमबॉडी’ पुस्तकातून हा विचार लोकांपुढे आला. पुढे त्याला प्रक्रियाधिष्ठित मानसशास्त्र, प्रोसेस वर्क, अशी नावं मिळाली. मिंडेलचं म्हणणं, माणूस एकाच वेळी दोन निरोप पाठवतो. तोंड म्हणतं ‘काही हरकत नाही’ आणि पाय दाराकडे वळलेले असतात. पहिला निरोप ‘मी असा आहे’ ह्या ओळखीचा. दुसरा, जे माझं नाही असं मी मानतो त्याचा. मधे एक उंबरठा. माणूस त्या उंबरठ्यापाशी आला की हसतो, विषय बदलतो, नाहीतर घड्याळाकडे बघतो.

इथपर्यंत सगळं दोन खुर्च्यांतलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मिंडेलने हेच हिशेब शेकडो माणसांच्या सभेला लावले. गटावर काम करणारा तो काही पहिला नव्हे. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये कुर्ट लेविनने वांशिक तणावावर एक कार्यशाळा घेतली होती. संध्याकाळी निरीक्षक आपापसात नोंदी वाचायचे आणि काही सहभागी तिथे येऊन बसायला लागले. ‘मी असं वागलेच नव्हते’ असे वाद तिथल्या तिथे सुरू झाले आणि दिवसभराच्या कामापेक्षा ती संध्याकाळच जास्त शिकवून गेली! टी-ग्रुप नावाचा प्रकार त्यातून जन्मला. पुढे कार्ल रॉजर्सने १९७२ मध्ये बेलफास्टच्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट माणसांना एकत्र बसवून तासन् तास बोलतं केलं, त्याची फिल्मही आहे. रॉजर्सचा भर उबदार, धीराने ऐकण्यावर.

मिंडेलने ह्यात एक अडचण काढली, आणि मला वाटतं त्याचं खरं काम ते हेच. शांतपणे बोला, एकमेकांचं ऐका, हे नियम ठरवतं कोण? ज्याला शांत राहणं परवडतं तो. त्याने ‘रँक’ हा शब्द वापरला. मी त्याला ‘पायरी’ म्हणेन. कातडीचा रंग, पैसा, भाषा, शिक्षण ह्यांतून पायरी मिळते. पण बालपण प्रेमात गेलं म्हणून आलेला आत्मविश्वास, दुःखातून तावून सुलाखून निघाल्यावर आलेला कणखरपणा, ह्याही पायऱ्याच. ज्याच्याकडे ती असते त्याला ती दिसत नाही, नसलेल्याला मात्र चोवीस तास दिसते. आपल्या भाषेत ‘पायरी ओळखून रहा’ हे नेहमी खालच्याला सुनावतात. मिंडेलने तेच वाक्य वरच्याला सांगितलं. १९९५ च्या ‘सिटिंग इन द फायर’ मध्ये तो म्हणतो की सभेत जो आरडाओरडा करतो, त्याच्याआधी कुणीतरी गोड आवाजात त्याला गप्प केलेलं असतं. सूत्रधाराने दोन्ही हिंसा दाखवून द्यायच्या, नुसती आवाज करणारी नव्हे.

दुसरी कल्पना भुताची. ज्याच्याबद्दल सगळे बोलतात पण जो खोलीत नसतो, ते ‘भूत पात्र’. ऑफिसातली कुठलीही रेट्रोस्पेक्टिव्ह मीटिंग आठवा. पाऊण तास ‘वरून प्रेशर होतं’ असं चालतं आणि तो वरचा खोलीत नसतोच. मिंडेलच्या सभेत कुणीतरी उठून त्या जागी उभं राहतं आणि वरच्याच्या तोंडून बोलतं. मग दुसरं कोणी. कारण पात्र माणसापेक्षा मोठं आणि माणूस पात्रापेक्षा मोठा, असं तो मानायचा. सगळ्या आवाजांना, अगदी नकोशा वाटणाऱ्यांनाही, जागा देण्याच्या ह्या वृत्तीला त्याने ‘डीप डेमोक्रसी’ म्हटलं. बायको एमीसोबत तो ऑरेगॉनमध्ये स्थायिक झाला. पोर्टलंडला संस्था उभी राहिली आणि ‘वर्ल्डवर्क’ नावाच्या मोठ्या सभा देशोदेशी भरल्या.

शंका आहेतच. ‘क्वांटम माइंड’ (२०००) सारखी त्याची पुस्तकं मला बिलकुल पटली नाहीत. समीकरणांतून स्वप्नं काढणं म्हणजे रूपकाला पुरावा समजणं. दुसरी शंका जास्त गंभीर. अशा सभेत ज्याने सोसलं त्यालाच पुन्हा उभं राहून जखम उघडी करावी लागते, कशासाठी, तर वरच्या पायरीवरच्याला कळावं म्हणून. तो रडतो, वरचा हलतो, मिठ्या होतात. सोमवारी पगार, जमीन, पोलीस सगळं जागच्या जागी. मिंडेलला हे ठाऊक होतं. सामाजिक कामाशिवाय हे अपुरं आहे असं तो म्हणायचा. पण ठाऊक असून प्रश्न सुटत नाही.

ह्या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती मात्र दक्षिण आफ्रिकेत. मर्ना आणि ग्रेग लुईस हे मानसतज्ज्ञ जोडपं मिंडेलचं काम शिकलं आणि नव्वदच्या दशकात ते एस्कॉममध्ये घेऊन गेलं. एस्कॉम ही तिथली सरकारी वीज कंपनी, त्यांचं एमएसईबी म्हणा ना. (२००७ पासून पुढे तिथेही भारनियमन सुरू झालं. बोलण्याने वीज तयार होत नाही!) तिथल्या इंजिनियरांना आणि फोरमनांना स्वप्नं-बिप्नं सांगून चाललं नसतं. म्हणून लुईस जोडप्याने सगळं सोप्या पायऱ्यांवर आणलं. सगळी मतं काढा. मग मुद्दाम विचारा, वेगळं कुणाला वाटतंय? एकटा पडलेला ‘नाही’ म्हणाला की विचारा, असं थोडंफार आणखी कुणाला वाटतं का? म्हणजे तो एकटा राहत नाही. मग मतदान. आणि हरलेल्यांना प्रश्न: आमच्याबरोबर यायला तुम्हाला काय लागेल?

हे न विचारल्यास काय होतं त्याची त्यांनी एक चढती रेघ काढली. आधी विनोद, मग टोमणे, सबबी, कुजबुज, संवाद बंद, कामात अडथळे, गो-स्लो, संप, शेवटी युद्ध किंवा फारकत. आमच्या धंद्यात माणसं संपावर जात नाहीत, राजीनामा देतात. पण पहिल्या पाच पायऱ्या मी रोज कँटीनमध्ये बघतो.

एस्कॉममध्ये हे काम सुरू झालं त्या काळाचा विचार करा. २७ एप्रिल १९९४ च्या निवडणुकीपर्यंत देशातल्या काळ्या माणसाला संसदेसाठी मत नव्हतं. कंपनीत वर्षानुवर्षं गोऱ्या साहेबांचा हुकूम चालत आलेला. अशा ठिकाणी बैठकीत हरलेल्या बाजूला कुणीतरी थांबून विचारत होतं, तुमच्या ‘नाही’मधलं काय आम्ही सोबत घेऊ?