शिकल, ओप आणि गंज : शस्त्राच्या पृष्ठभागाचा एक भाषिक-सांस्कृतिक इतिहास

भारतीय साहित्यात शस्त्रे विपुल आहेत. ती पुसणारा हात मात्र क्वचितच दिसतो. तलवार तळपते, भाल्याचे पाते लखलखते, पिस्तुलाची नळी थंडगार भासते. पण ही तळपण्याची अवस्था आपोआप टिकत नाही, तिच्यामागे कोणाचे तरी नित्याचे कष्ट असतात, ही जाणीव काव्यात आणि बखरीत अभावानेच उमटते. प्रस्तुत लेखात शस्त्राच्या पृष्ठभागाची निगा हा विषय भाषेच्या अंगाने तपासावयाचा आहे. विशेषतः विसाव्या शतकात हातातल्या लहान शस्त्रांना, म्हणजे पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांना, जी दोन प्रकारची रूपे लाभली, एक निळसर काळ्या ओपाचे आणि दुसरे स्टेनलेस पोलादाचे, त्यांच्या जपणुकीत जो भेद आहे तो आपल्या शब्दांनी कितपत टिपला आणि कितपत झाकला, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाचे निमित्त भिलाई-३ येथे मिळाले. पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात विदर्भातून आलेल्या एका मराठी कुटुंबात खंडेनवमीच्या पूजेस उपस्थित राहण्याचा योग आला. पाटावर आजोबांचा अडकित्ता, विळी, पाने-पक्कड यांच्याबरोबर परवान्याची दोन रिव्हॉल्व्हरे, अर्थातच रिकामी करून, मांडलेली होती. त्यांपैकी जुने, निळ्या ओपाचे, पन्नास वर्षांनंतरही निर्मळ होते. त्यामानाने नवे, स्टेनलेसचे, मुठीजवळ तांबूस ठिपक्यांनी डागाळलेले होते. यजमान खिन्नपणे म्हणाले, “हे गंजत नाही म्हणून तर घेतले होते.” या एका वाक्यात प्रस्तुत लेखाचा सारा विषय सामावलेला आहे.

शब्दांची वाट

शस्त्र घासूनपुसून उजळ करण्याच्या क्रियेला मराठीत ‘शिकल’ असा जुना शब्द आहे, आणि ते काम करणारा तो ‘शिकलगार’. मूळ अरबी ‘सैकल’ हा शब्द फारसीतून येथे आला. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत शिकलगार हे आडनाव आजही आढळते. उत्तरेत व मध्य भारतात ‘सिकलीगर’ हे त्याचेच रूप आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द वेगळ्या ठिकाणी भेटलेला असतो. सूफी काव्यात हृदय हा धातूचा आरसा आहे, त्यावर गंज चढतो आणि साधना म्हणजे त्या आरशाला केलेली शिकल. रूमीच्या ‘मसनवी’त चिनी आणि रूमी चित्रकारांची स्पर्धा आहे : चिनी चित्रकार भिंत रंगवितात, रूमी केवळ समोरची भिंत घासून आरसा करतात आणि जिंकतात. निजामीने हीच कथा आधी सांगितली, तेव्हा घासण्याचे काम चिन्यांकडे होते. भूमिका बदलल्या, शिकल मात्र दोन्हीकडे कायम राहिली. एकच शब्द फारसी काव्यात अध्यात्माच्या पायरीला पोचला आणि मराठीत एका कारागीर समाजाचे आडनाव होऊन राहिला, हा भेद केवळ योगायोगाचा नाही. आपण रूपक दुसरीकडून घेतले, व्यवसाय मात्र आपल्या वेशीवर ठेवला.

दुसरा शब्द ‘पाणी’. शस्त्राला पाणी देणे म्हणजे पोलाद तापवून विझविणे. ‘पाणीदार’ म्हणजे तेजस्वी. फारसीतील ‘आब’ या शब्दातही जल आणि झळाळी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गंमत अशी, की ज्या पाण्याच्या नावाने तेज ओळखले जाते तेच पाणी लोखंडाचे पहिले वैरी आहे. संस्कृत परंपरेला हे ठाऊक होते. महाभारतात बाणांना व शस्त्रांना ‘तैलधौत’ हे विशेषण वारंवार लागते. शस्त्राची तेलाने केलेली निगा एका समासात अशी सुरक्षित राहिली आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या उपकरणांसाठी क्षार, उदक आणि तैल अशा तीन प्रकारच्या पायना सांगितल्या आहेत.

तिसरा शब्द गंजाचा. हिंदीत त्यासाठी ‘जंग’ आणि ‘मोरचा’ असे दोन शब्द आहेत. त्यांपैकी ‘मोरचा’ हाच उच्चार खंदक वा आघाडी या अर्थीही चालतो. मराठीने ‘मोर्चा’ आघाडीच्या अर्थाने घेतला, गंजाच्या अर्थाने घेतला नाही. भिलाई-३ च्या मराठी घरात मात्र आजी ‘गंज’ म्हणते आणि नातू ‘जंग’. सीमेवरची मराठी अशी दोन कोशांत राहते.

छत्तीसगडातील धागा

शस्त्रपूजेचा हा धागा या प्रदेशात नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले आणि १७८७ मध्ये निधन होईपर्यंत तेथून कारभार पाहत राहिले. त्यांच्या काळात मराठी भाषा व मोडी लिपी येथील दप्तरात आली. विजयादशमीस सोने म्हणून पाने देण्याची रीत रूढ करण्याचे श्रेयही छत्तीसगडात परंपरेने त्यांनाच दिले जाते. ही रीत शमीच्या कथेशी जोडली जाते. विराटपर्वात पांडव वर्षभर शस्त्रे झाडावर बांधून ठेवतात आणि ती पुन्हा सोडली जातात तेव्हा सूर्यासारखी चमकतात. पावसाळा उलटून गेल्यावरही महाकाव्याच्या शस्त्राला गंज चढत नाही. चढला असता, तर उत्तराच्या आधी शिकलगाराला बोलवावे लागले असते.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने घरोघरच्या शस्त्रांवर परवान्याचे बंधन आले आणि शिकलगाराचे मूळ गिऱ्हाईक आटत गेले. तो सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते यांच्याकडे वळला. त्याच सुमारास लहान शस्त्राचे स्वरूपही बदलत होते. ‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आले होते, ‘रिव्हॉल्व्हर’ इंग्रजीतून आला. लंडनहून पाठविलेली ब्राउनिंग पिस्तुले आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात झालेला जॅक्सनचा वध यांमुळे पिस्तूल मराठी राजकीय गद्यात कायमचे स्थिरावले. त्या गद्यात पिस्तुलांची संख्या आहे, त्यांचा प्रवास आहे. त्यांना तेल कोणी लावले, हे मात्र नाही.

दोन ओपांचे शास्त्र

निळा ओप म्हणजे रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागाचे नियंत्रित ऑक्सिडीकरण करून मॅग्नेटाइट या काळसर लोहभस्माचा अतिशय पातळ थर तयार केला जातो. जुन्या संथ पद्धतीत तर आधी मुद्दाम तांबडा गंज आणावयाचा, मग तो उकळत्या पाण्यात काळा करून घासावयाचा, असे अनेकदा करीत. म्हणजे गंजालाच शिस्त लावून गंजाचा पहारेकरी केले जाते. हा थर सच्छिद्र असतो. तो स्वतः फारसे रक्षण करीत नाही, तेल धरून ठेवतो. म्हणून निळ्या ओपाच्या शस्त्राची निगा ही मूलतः तेलाची निगा होय. हात लागला की घामाचे क्षार कोरड्या फडक्याने पुसावे, दारूची काजळी मऊ ब्रशाने काढावी, शेवटी तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानात ते दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरते आणि कमावण्याची द्रव्येही त्यात असतात. पितळ उजळणारी चिंच वा लिंबू येथे घातक आहे. आम्लाने ओपच विरघळतो.

स्टेनलेसची कथा वेगळी, पण तिचा उगमही शस्त्रातच आहे. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी थांबवावी याचा शोध घेत असता क्रोमियमयुक्त पोलादापाशी आला. त्याने त्यास ‘न गंजणारे’ अशा अर्थाचे नाव दिले होते. व्हिनेगरने त्याची परीक्षा पाहिल्यावर ‘कमी डागाळणारे’ या अर्थाचे नाव सुरीच्या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्टने सुचविले, आणि तेच जगभर रूढ झाले. सुरी-काट्यांत हे पोलाद लगेच शिरले. रिव्हॉल्व्हरच्या नियमित उत्पादनात मात्र ते १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ६० ने आणले. यात किमान सुमारे साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य थर हवेच्या सान्निध्यात पुन्हा पुन्हा स्वतःच जुळून येतो. मात्र मीठ, घाम, साचलेला ओलावा यांनी हा थर जागोजाग फुटतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस घासले गेले, तर पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरखडतात, म्हणून सरकत्या भागांना वंगण लागतेच. आतल्या स्प्रिंगा व खिळी तर पुष्कळदा साध्या पोलादाच्याच असतात.

आता मराठी परिभाषेकडे पाहू. ‘अगंज पोलाद’ ही आपल्या कोशांतील संज्ञा. म्हणजे इंग्रजीने जे अतिरेकी नाव टाकून दिले, नेमके त्याच्याकडे मराठी परतली. ‘कमी डागाळते’ हे सापेक्ष विधान ‘गंजत नाही’ या निरपेक्ष वचनात रूपांतरित झाले. भाषांतराची ही चूक लहान दिसते. तिचा परिणाम भिलाई-३ च्या पाटावर दिसत होता.

अधिक विचारपूस करता उलगडले, की दरवर्षी पूजेनंतर जुन्या रिव्हॉल्व्हरवरील हळदकुंकू तत्काळ पुसून तेल लावले जाई, कारण आजोबांची तशी ताकीद होती. नवे तसेच, ओल्या कुंकवासह, रात्रभर पाटावर राही आणि सकाळी स्वयंपाकघरातील तारेच्या घासणीने स्वच्छ होई. स्टीलची भांडी तशीच घासली जातात, मग हे का नको? त्या घासणीचे साध्या लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतत आणि प्रथम तेच गंजत. तेथे नायलॉनचा ब्रश हवा होता, आणि कोरडे फडके.

हे स्वयंपाकघरातील ज्ञान होते, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. पितळेच्या भांड्यांबरोबर कल्हईवाला दारी येत असे; स्टील आले आणि तो दिसेनासा झाला. निगेची गरज नाहीशी झाली असे घराने मानले, वस्तुतः नाहीशी झाली होती ती निगेची दृष्टी. शिकलगाराचेही तेच झाले. दोघेही आपल्या साहित्यात नायक झाले नाहीत. त्यामुळे त्यांच्याबरोबर काय गेले, याची नोंदही उरली नाही.

समारोप

निळा ओप आपली दुर्बलता उघड करतो, म्हणून त्याला माणूस जपतो. स्टेनलेस ती लपवितो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. साहित्येतिहासातही असेच घडते. जी परंपरा आपण क्षीण मानतो तिची संहिता आपण तपासतो, जपतो. जी अभंग समजतो तिच्यावर ठिपके कधी पडले ते कळत नाही. छत्तीसगडातील मराठी ही पहिल्या जातीची आहे, आणि म्हणूनच कदाचित तेथे आजी अजून नातवाचा ‘जंग’ दुरुस्त करते.

भिलाई-३ हून परतताना रेल्वेच्या यार्डालगतचे रूळ दिसतात. रूळाच्या बाजू तांबड्या गंजाने माखलेल्या असतात. माथा मात्र आरशासारखा असतो, कारण त्यावरून रोज चाके जातात. शिकलीचा अर्थ याहून अधिक काही नाही. यजमानांनी यंदापासून दोन्ही शस्त्रांसाठी एकच फडके ठेवले आहे.