रक्तगुल्म आणि गर्भाशयबाह्य गर्भ : एका जुन्या मताची दुरुस्ती

सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका लहानशा विद्वत्सभेंत मीं एक निबंध वाचला होता. चरकसंहितेंतील 'रक्तगुल्म' म्हणजे आधुनिक वैद्यांचा गर्भाशयबाह्य गर्भच होय, असें त्यांत मोठ्या आत्मविश्वासानें प्रतिपादिलें होतें. श्रोते संतुष्ट झाले, आणि खरें सांगावयाचें तर मीही झालों. आपल्या पूर्वजांना अमुक एक गोष्ट युरोपियनांच्या आधीं ठाऊक होती असें म्हटलें कीं सभेंत कोणी पुरावा विचारीत नाहीं. तें माझें मत चुकीचें होतें. तें तसेंच राहूं देणें बरें नव्हे म्हणून हा लेख.

माझ्या मताचा आधार असा होता. चरकाच्या निदानस्थानांत आणि पुढें चिकित्सास्थानाच्या पांचव्या अध्यायांत स्त्रियांनाच होणारा एक गुल्म वर्णिला आहे. त्यांत ऋतुप्राप्ति थांबते, डोहाळ्यांसारखीं चिन्हें दिसतात, पोटांत शूळ असतो. परंतु जें हालतें तें अवयवांनीं हालत नाहीं, सबंध पिंडच स्फुरण पावतो. अशा स्त्रीस अजाण लोक गर्भिणी म्हणतात, असा शेराही ग्रंथकारानें मारला आहे. ऋतु चुकणें, गर्भलक्षणें, उदरशूळ आणि तरीही नेहमींचा गर्भ नाहीं, हीं चार सूत्रें हातीं लागतांच मीं निष्कर्ष काढून मोकळा झालों.

हा निबंध पुढें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वाचनांत आला. शाळेंत त्याचें संस्कृत बेताचें होतें; पण आतां तो प्रसूतिशास्त्राचा डॉक्टर आहे. तो घरीं आला, चहा घेतला, आणि नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, तुमच्या ग्रंथांतली बाई दहा महिने जगते. माझ्याकडे नळी फुटून येणाऱ्या बाया दहा तास काढतील कीं नाहीं, याची मला खात्री नसते."

हें दहा महिन्यांचें वचन मला पाठ होतें; त्याचा अर्थ मात्र मीं लक्षांत घेतला नव्हता. रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावरच करावी, असें चरकानें सांगितलें आहे. त्याचा हेतु उघड आहे. गुल्म समजून तीक्ष्ण औषध दिलें आणि आंत खरोखरच गर्भ असला तर त्याचा घात होईल. तेव्हां प्रसूतीचा काळ जाऊं द्यावा, म्हणजे संशय आपोआप फिटेल. हा नियम सावधपणाचा आहे, दयेचाही आहे. परंतु बीजवाहिनींत रुजलेल्या गर्भास तो लावला तर तो मृत्यूचा नियम ठरतो. ती नळी गर्भ वाढविण्यासाठीं नाहीं. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांतच ती फुटते किंवा तिच्यांतून रक्त पाझरूं लागतें आणि उदरांत सांचतें. बाहेर दिसणारा रक्तस्राव पुष्कळदां अगदीं थोडा असतो. फुटलेल्या नळीची रोगीण दहा महिने वाट पाहण्यास उरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं प्राचीनांना त्वरेची कल्पनाच नसेल. तसेंही नाहीं. मूढगर्भाच्या चिकित्सेंत सुश्रुतानें स्पष्ट बजावलें आहे कीं मृत गर्भाची मुहूर्तभरही उपेक्षा करूं नये. जेथें माता जाणार हें त्यांना दिसलें, तेथें त्यांनीं शस्त्र हातीं घेतलें. एकाच परंपरेंत एका ठिकाणीं मुहूर्त आणि दुसऱ्या ठिकाणीं दहा मास, यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं हीं दोन दुखणीं त्यांनीं भिन्न मानलीं होतीं, आणि रक्तगुल्म हें त्यांच्या अनुभवांत सावकाश चालणारें दुखणें होतें. तें गर्भाशयांतील गांठ असेल, द्राक्षगर्भ असेल, केव्हां केव्हां गर्भाचा नुसता भासही असेल. उदरांत जाऊन सुकलेला एखादा गर्भ त्या नांवाखालीं क्वचित् मोडला असेल, हें मी नाकारीत नाहीं. पण तेवढ्यावरून समीकरण मांडतां येत नाहीं.

दुसरा मोह 'आर्तववह स्रोतसां'चा. सुश्रुतानें शारीरस्थानांत हीं दोन सांगितलीं आहेत. त्यांचें मूळ गर्भाशय आणि आर्तववाहिनी धमन्या, आणि त्यांस वेध झाल्यास वंध्यत्व येतें असें म्हटलें आहे. दोन ही संख्या आणि वंध्यत्व हें फळ पाहून कित्येक भाषांतरकारांनीं येथें सरळ बीजवाहिनी घातल्या आहेत. पादुआच्या फालोप्पियोनें त्या नळ्यांचें नेमकें वर्णन इ. स. १५६१ मध्यें छापलें. तेव्हां आपला सुश्रुत त्याच्या किती आधींचा, हें सांगण्याची ऊर्मि स्वाभाविक आहे. पण ह्या स्रोतसांत गर्भ राहतो किंवा अडकतो असें वचन मला मूळांत मिळालें नाहीं, डल्हणाच्या टीकेंतही मिळालें नाहीं.

मग त्यांनीं पाहिलें काय ? गर्भाच्या आरंभींचा रक्तस्राव त्यांनीं फार बारकाईनें पाहिला. चौथ्या महिन्यापर्यंत पडतो तो स्राव, पांचव्या-सहाव्यांत पडतो तो पात, हा भेद सुश्रुताचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत रक्त दिसल्यास गर्भ राहणार नाहीं, कारण त्यास अद्याप सार आलेलें नसतें, असें चरक म्हणतो. त्यापुढें रक्त दिसल्यास स्त्रीला मृदु व शीतल शय्येवर, डोकें किंचित् खालीं करून निजवावें, थंड केलेल्या तुपांत ज्येष्ठमधाचें चूर्ण कालवून त्याचा पिचु ठेवावा, इत्यादि उपचार आहेत. सुश्रुतानें महिनेवार औषधें दिलीं आहेत. रक्त जाऊनही जो गर्भ पडत नाहीं, पण वाढतही नाहीं, त्यास 'उपविष्टक' हें स्वतंत्र नांव आहे. हें निरीक्षण खोटें नव्हे. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याविषयींचा चरकाचा निराश निर्णय आज टिकत नाहीं. आरंभींच्या आठवड्यांत सुमारें चौथा हिस्सा गर्भिणींना रक्त दिसतें, आणि त्यांतले निम्मे किंवा त्याहून अधिक गर्भ टिकतात.

गर्भाशयाबाहेरील गर्भाची जुनी आणि विश्वसनीय नोंद पाहावयाची तर कॉर्डोव्हाकडे वळावें लागतें. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला शस्त्रवैद्य अल्-झहरावी याच्या ग्रंथांत एका स्त्रीची हकीकत आहे. तिचा गर्भ पोटांत मेला, पुन्हां राहिला, तोही मेला. बऱ्याच काळानें नाभीपाशीं गळूं होऊन तें फुटलें आणि त्यांतून एकामागून एक हाडें निघूं लागलीं. तीं मृत गर्भाचीं हाडें हें त्यानें ओळखलें, व्रण साफ केला, आणि ती स्त्री पुढें जगली. आपल्या ग्रंथांत नियम आहेत, वर्गीकरण आहे. अशी एकाच रोगिणीची हकीकत फार विरळा. मला त्या अरबी वैद्याचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठींच.

युरोपांत तरी हा रोग आटोक्यांत कधीं आला ? इ. स. १८७६ मध्यें फिलाडेल्फियाच्या पॅरीनें ५०० उदाहरणें जमविलीं, त्यांत ३३६ स्त्रिया मृत्यु पावल्या होत्या. त्याच नगरांत दहाच वर्षांनीं, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकाची पदवी घेत होत्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेटला अशा एका रोगिणीवर शस्त्रक्रिया करण्याची विनंती झाली असतां तो कचरला. ती मेली, आणि शवपरीक्षेंत दिसलें कीं एक वाहती जागा बांधली असती तर ती वांचती. १८८३ मध्यें त्यानें पहिल्यानें शस्त्र घेतलें तेव्हां ती रोगीणही गेली; रक्तवाहिन्या आधीं बांधावयाच्या हा धडा घेऊन त्याच वर्षीं त्यानें पुढची वांचविली.

आज ह्या दुखण्याची ओळख प्रारंभींच होऊं शकते. दर शंभर गर्भांत एक ते दोन बाहेर रुजतात, आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक बीजवाहिनींत. ऋतु चुकलेला, थोडें रक्त, खालच्या पोटांत बहुधा एका बाजूस कळ, खांद्याच्या टोकाशीं दुखणें, घेरी. ह्यांपैकीं कांहीं दिसलें कीं रुग्णालय गांठावें. गर्भपरीक्षा होकारार्थी आणि सोनोग्राफींत गर्भाशय रिकामें, अशी जोडी जुळली कीं वैद्य सावध होतो. नळी फुटलेली नसून स्त्री स्थिर असेल, तर कित्येकदां मेथोट्रेक्सेट ह्या औषधानेंच भागतें. मात्र रक्तांतील गर्भद्रव्य पूर्ण नाहींसें होईपर्यंत तपासणी चालू ठेवावी लागते. ज्या प्रयोगशाळेंत तें औषध १९४० नंतरच्या दशकांत सिद्ध झालें, तेथील संशोधनाचे प्रमुख भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव होते. नळी फुटली असेल तर मात्र शस्त्रक्रिया आणि रक्त देणें, त्याला पर्याय नाहीं.

आतां संग्राहकांस एक विनंति. वर केलेला सर्व युक्तिवाद 'दहावा मास' ह्या पाठावर उभा आहे. तो मीं निर्णयसागरच्या १९४१ च्या चक्रपाणिटीकायुक्त चरकावरून घेतला आहे. हस्तलिखितें ताडून पाहिलेलीं नाहींत. ज्यांच्या दफ्तरांत चिकित्सास्थानाच्या गुल्माध्यायाचें पोथीपत्र असेल, त्यांनीं त्या श्लोकांतील मासवाचक शब्द, समासांतील टीप असल्यास ती, पत्रांक आणि लेखनशक एवढें उतरून पाठवावें. पाठ निराळा निघाल्यास हीही दुरुस्ती मी पुन्हां दुरुस्त करीन.