परतीचें तिकीट

पृथ्वीचा गोल हातीं घेऊन नाशिकवर बोट ठेवावें आणि विषुववृत्ताच्या पलीकडे तितकेच अंश मोजावे, म्हणजे तें बोट मॉरिशसच्या रेषेवर जाऊन पोंचतें. आपलें नाशिक उत्तर अक्षांश २० वर, तर मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई दक्षिण अक्षांश २० वर. कटिबंध तोच, परंतु ऋतु उलटे. आपल्या मे महिन्याच्या सुटींत तेथें हिवाळा लागत असतो आणि जानेवारी ते मार्च हे तेथील वादळांचे महिने. समुद्रस्नानाच्या ओढीनें निघणाऱ्या नाशिककरानें एवढें ध्यानांत घेतलें, मुंबईहून सुमारे सहा तासांच्या विमानाचें तिकीट काढलें आणि घड्याळ दीड तास मागें केलें, कीं त्याची बहुतेक तयारी झाली.

सुमारे ४,७०० किलोमीटरांची ही वाट मराठी माणसास नवी नाहीं. मात्र ज्यांनीं ती प्रथम आक्रमिली, त्यांच्या प्रवासाची आखणी दुसऱ्यांनीं केली होती. मॉरिशसमधील गुलामगिरी १८३५ च्या १ फेब्रुवारीस कायद्यानें संपली. परंतु उंसाच्या मळेवाल्यांनीं तत्पूर्वींच दुसरे हात शोधावयास आरंभ केला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलास’ हें जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस लागलें. पुढें मजुरांच्या हालांचा बोभाटा होऊन ही रवानगी कांहीं काळ थांबविण्यांत आली. १८४२ सालीं ती सरकारी देखरेखीखालीं पुन्हा सुरू झाली, तेव्हां कलकत्ता व मद्रास यांच्या जोडीस मुंबई हेंही बंदर खुलें झालें. तिघांत मुंबईचा वांटा सर्वांत लहान. तरी मॉरिशसचा आजचा मराठी समाज त्यांतूनच, विशेषतः कोकणपट्टीच्या कुळांतून, उभा राहिला.

करार बहुधा पांच वर्षांचा आणि वेतन दरमहा पांच रुपये असे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचें वेतन कापावयाचें, ही तेथील कुप्रसिद्ध रीत होती. प्रारंभीं कराराअखेर मायदेशीं फुकट पोंचविण्याची हमी मिळे. १८५० नंतरच्या कांहीं वर्षांतच ती काढून घेण्यांत आली. मळेवाल्यांचा हिशेब उघड होता. ज्यास परतीचें भाडें परवडत नाहीं, तो पुन्हा करारावर अंगठा उठवितो. कोणी म्हणेल, कीं दारिद्र्यास कंटाळून ही माणसें आपखुषीनेंच गेलीं. अनेकांच्या बाबतींत तें खरेंही असेल. परंतु प्रवाशाचें स्वातंत्र्य केवळ निघण्यांत नसतें. मनांत येईल तेव्हां परततां येणें हाही त्याचा भाग आहे, आणि नेमका तोच भाग येथें हिरावला गेला.

आज त्याच बेटावर उतरणाऱ्या पर्यटकास परतीचें तिकीट दाखवावें लागतें! काळाचा हा पालट लक्षांत घेऊनच आपण तेथील आखणी करावी. पोर्ट लुई बंदरावर १८४९ सालीं बांधावयास घेतलेली मजुरांची उतारवस्ती आज ‘आप्रवासी घाट’ या नांवानें ओळखली जाते. २००६ सालीं तिची जागतिक वारशांत गणना झाली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. रामकुंडावर येणारा यात्रेकरू उपाध्यायांच्या वहींत आपल्या पूर्वजांचीं नांवें धुंडाळतो. तसेच मॉरिशसचे कुटुंबीय या वह्यांतून आपलें मूळ शोधतात. भेद इतकाच, कीं आपल्या वहींत नांव घालणारा यात्रेकरू घरीं परतत असे.

गणेशचतुर्थी ही मॉरिशसमध्यें सार्वजनिक सुटी आहे. आठ दिवसांची सहल ठरविणाऱ्यानें सात दिवस खुशाल समुद्रकिनाऱ्यास द्यावे. एक सकाळ मात्र त्या घाटासाठीं राखून ठेवावी.