पिशवी काढल्यानंतरची तारीख

आपल्याकडे बायका 'पिशवी काढली' असं म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात तेच 'बच्चेदानी निकाल दी' असं ऐकू येतं. काढली, निकाल दी, विषय संपला. मी कवितेची बाई, त्यामुळे क्रियापदाच्या काळाकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. या भूतकाळानं बायकांचं बरंच नुकसान केलं आहे, असं मला वाटतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पिशवी काढली, तर त्यानंतर पुन्हा पुन्हा दवाखान्यात जायचं असतं, आणि ते का जायचं हेच पुष्कळदा घरात कुणाला ठाऊक नसतं. या पुन्हा जाण्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे.

पोट उघडून कॅन्सरग्रस्त गर्भाशय काढण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न विल्हेल्म फ्रॉइंड या शल्यवैद्यानं १८७८ मध्ये ब्रेस्लाऊ इथं केला. हे शहर तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. शस्त्रक्रिया झाली खरी, पण त्या काळात ती करून घेणाऱ्या बहुतेक जणी तिच्यातूनच उठत नसत. मग १८९८ मध्ये व्हिएन्नात एर्न्स्ट वेर्थाइम यानं वेगळी पद्धत सुरू केली. नुसती पिशवी काढून तो थांबला नाही. तिच्या भोवतीचा भाग, योनीमार्गाचा वरचा तुकडा आणि जांघेच्या वर आत असलेल्या संशयास्पद गाठी, असं सगळं तो काढू लागला. आजही मोठे सर्जन या शस्त्रक्रियेला वेर्थाइमचं नाव देतात. सुरुवातीला त्याच्याही कितीतरी रुग्ण दगावल्या. पुढं ते प्रमाण बरंच खाली आलं.

पण मला त्याच्या सुरीपेक्षा त्याच्या वहीचं अप्रूप वाटतं. १९११ साली त्यानं ५०० शस्त्रक्रियांचा हिशेब ग्रंथरूपानं मांडला. त्यात 'बरी झाली' हा शब्द त्यानं स्वस्तात वापरला नाही. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं उलटली पाहिजेत आणि तोवर आजार परतलेला नसला पाहिजे, तरच ती बाई बऱ्या झालेल्यांत धरायची. आता विचार करा, ना टेलिफोन घरोघर, ना मोटारी. पाच वर्षांनी त्या बाईचं काय झालं हे कळायचं तर ती परत यायला हवी, नाहीतर कुणीतरी तिची खबर काढायला हवी. ती परत आली नसती तर या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो की नाही, हे कुणालाच कळलं नसतं.

परत आलेल्या बाईची तपासणी त्या काळी म्हणजे डोळे आणि बोटं. गाठ हाताला लागेपर्यंत आजार पुढं गेलेला असायचा. इथं न्यूयॉर्कमधला एक ग्रीक माणूस गोष्टीत येतो. जॉर्ज पापानिकोलाऊ १९१३ मध्ये अमेरिकेत आला. गिनीपिगच्या पेशी काचेवर पसरून पाहता पाहता तो माणसाच्या पेशींकडे वळला. त्याची बायको अँड्रोमाखी प्रयोगशाळेत त्याच्याबरोबर राबायची आणि वर्षानुवर्षं तिनं स्वतःचे नमुने त्याला दिले. पदवी, मानसन्मान त्याला मिळाले. तिचं नाव आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? १९२८ मध्ये त्यानं या पद्धतीनं कॅन्सर ओळखता येतो असं सांगितलं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेश हा डॉक्टरही तेच म्हणत होता. १९४१ आणि १९४३ मध्ये पापानिकोलाऊनं हर्बर्ट ट्राउट या डॉक्टरबरोबर पुन्हा लिहिलं, आणि मग जग जागं झालं. पॅप स्मिअर म्हणतात ती तपासणी ती हीच.

ही तपासणी निरोगी बाईसाठी असते, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण बॉस्टनमध्ये रूथ ग्रॅहम या संशोधक बाईंनी १९४७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. कॅन्सर झालेल्या आणि किरणांचे उपचार घेणाऱ्या बायकांच्या पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. उपचारानं पेशी कशा बदलतात याची त्यांनी नोंद केली. म्हणजे काच उपचारानंतरही बोलते, असं दिसलं. पिशवी काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं. डॉक्टर त्याला 'व्हॉल्ट' म्हणतात, आपण घुमट म्हणू. तिथून घेतलेल्या नमुन्याला व्हॉल्ट स्मिअर हे नाव पडलं.

पिशवीच नाही, मग तिथं पाहायचं काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं पक्कं उत्तर मिळायला १९८३ साल उजाडावं लागलं. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी या कॅन्सरमध्ये एचपीव्ही-१६ हा विषाणू सापडला. त्याबद्दल २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू गर्भाशयमुखाची वेस पाळत नाही. शेजारच्या योनीमार्गाच्या अस्तरातही तो मुक्काम करू शकतो. मुख काढलं तरी शेजार शिल्लक असतो.

आता थोडं आजच्या वैद्यकाचं, कारण इथं फार गोंधळ आहे. फायब्रॉइड किंवा अंगावरून जास्त जाणं अशा साध्या कारणासाठी मुखासह पिशवी काढली असेल, आणि आधी कॅन्सरपूर्व बदल कधी आढळले नसतील, तर नंतर स्मिअरची गरज नसते. पिशवी काढली पण मुख आत ठेवलं असेल, तर नेहमीची तपासणी चालू ठेवायची. कॅन्सरच्या आधीच्या गंभीर बदलांसाठी काढली असेल, तर पंचवीस वर्षं तपासणी सांगतात, पंचवीस! आणि प्रत्यक्ष कॅन्सरच असेल, तर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. बहुतेक वेळा आजार उलटला तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो, म्हणून सुरुवातीला हे हेलपाटे जास्त.

या भेटीत नुसत्या काचेवर भिस्त ठेवायची नाही. किरणोपचार झालेले असले तर स्मिअर वाचणं अवघड जातं, आणि उलटलेला कॅन्सर एकट्या स्मिअरनं क्वचितच पकडला जातो. डॉक्टरांनी विचारणं आणि तपासणं हेच मुख्य. अंगावरून रक्त जातंय का, एकच पाय सुजतोय का, कंबर किंवा ओटीपोट सतत दुखतंय का, वजन उतरतंय का? आणि यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहत बसायचं नसतं.

या इतिहासातला एक विरोधाभास मला फार बोचतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं की तिथं सुमारे एक कोटी बायका गर्भाशयमुख नसताना विनाकारण पॅप स्मिअर करून घेत होत्या. सवय म्हणून तपासणी चालूच. आणि जिला खरोखर गरज, ती आपल्याकडे टाके काढल्यावर पुन्हा दिसत नाही.

परत येण्यानं काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण सांगते. दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून कॅन्सरची पिशवी काढण्याची पद्धत आली. जखम लहान, रक्त कमी, घरी लवकर. सगळ्यांना ती आवडली. मग अनेक देशांतल्या ६३१ बायकांवर तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. साडेचार वर्षांनी आजार न उलटता हयात असलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, तर छोट्या छिद्रांतून केलेल्यांत ८६ टक्के. जगभरचे सर्जन चमकले, आणि पुष्कळ ठिकाणी पुन्हा पोट उघडून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. त्या बायका तारखेला आल्या नसत्या, तर आकर्षक दिसणारी चूक आणखी कितीतरी वर्षं चालली असती.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची पाहणी राज्य शासनाच्या समितीनं केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. यातल्या किती जणींना 'नाही काढली तर कॅन्सर होईल' ही भीती दाखवली गेली, हे त्याच बायकांनी पत्रकारांना सांगितलं आहे. त्यांना गरज होती की नव्हती यावर बरंच बोललं गेलं. मला दुसरंच विचारावंसं वाटतं. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का? तो पॅथॉलॉजीचा कागद त्या बाईकडे आहे का? मुख काढलंय की ठेवलंय, हे तिला कुणी सांगितलं का? वर सांगितलेल्या प्रकारांपैकी ती कशात बसते हे त्या कागदावरच ठरतं. तो नसेल तर पुढच्या डॉक्टरला अंदाजानं चालावं लागतं. घरात रेशनकार्ड, आधार जपून ठेवतात, त्याच पिशवीत हाही कागद राहायला हवा.

आणि तारखेचं काय? दिवाळीनंतर नवराबायकोचा कोयता साखर कारखान्याच्या फडावर जातो, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. तीन महिन्यांनी या, असं सांगितलेली तारीख जानेवारीत पडली, तर ती बाई सातारा-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात उसात उभी असते.

याच पट्ट्यात वेगळ्या रीतीनं काम झालेलंही आहे. १९८७ पासून बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातली माणसं बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांत जाऊन नोंदी करतात, लोकांशी बोलतात, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणतात. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा जो मोठा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू नेहमीच्या सोयींवर राहिलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. ती तपासणी आजार होण्याआधीची. पण या गावांतल्या बायका येत नाहीत, ही सबब त्या अभ्यासानं उरू दिली नाही. त्यांना बोलवायला कुणीतरी दारात गेलं होतं. ऑपरेशन झालेल्या बाईच्या दारात, किंवा फडावरच्या तिच्या कोपीत, जानेवारीत कोण जाणार, एवढं अजून ठरायचं आहे.