लॅन्थनाइड संयुगांची रचना आणि प्रकाश उत्सर्जन

लॅन्थनाइड मूलद्रव्याच्या आयनाभोवती इतर रेणू किंवा आयन (लिगँड) बांधले जाऊन तयार झालेली आणि जंबुपार प्रकाश पडला असता स्वतः प्रकाश देणारी संयुगे म्हणजे दीप्तिमान लॅन्थनाइड सहसंबद्ध संयुगे होत. आवर्त सारणीतील अणुक्रमांक ५७ (लॅन्थनम) ते ७१ (ल्युटेशियम) या १५ मूलद्रव्यांना लॅन्थनाइडे म्हणतात. त्यांपैकी युरोपियमची संयुगे तांबडा, टर्बियमची हिरवा आणि समेरियमची नारिंगी प्रकाश देतात. निओडिमियम, अर्बियम व इटर्बियम यांचे उत्सर्जन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. प्रकाशाचा रंग मुख्यतः धातूच्या आयनावरून ठरतो. मात्र तो प्रकाश किती तेजस्वी असेल, किती काळ टिकेल आणि वर्णपटातील कोणती रेषा ठळक दिसेल, या गोष्टी आयनाभोवतीच्या रचनेवर अवलंबून असतात.

रंग स्थिर राहण्याचे कारण

या आयनांतील प्रकाश ४-एफ उपकवचातील इलेक्ट्रॉनांच्या संक्रमणांमुळे निर्माण होतो. हे उपकवच ५-एस व ५-पी या भरलेल्या उपकवचांच्या आत झाकलेले असल्यामुळे बाहेरील रेणूंचा त्याच्या ऊर्जापातळ्यांवर फार थोडा परिणाम होतो. म्हणून लिगँड बदलले तरी युरोपियमची मुख्य रेषा ६१५ नॅनोमीटरच्या आसपास आणि टर्बियमची ५४५ नॅनोमीटरच्या आसपास राहते. सेंद्रिय रंगद्रव्यांच्या उत्सर्जनाचे पट्टे रुंद असतात. लॅन्थनाइडांच्या रेषा मात्र अरुंद व स्पष्ट असतात.

या संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. ४-एफ उपकवचातल्या उपकवचात होणारी संक्रमणे क्वांटम यामिकीच्या निवड नियमांनुसार जवळजवळ निषिद्ध असतात. त्यामुळे हे आयन स्वतः अतिशय कमी प्रकाश शोषतात. लॅन्थनाइडांचे साधे क्षार पाण्यात विरघळवून जंबुपार दिव्याखाली धरले तरी ते क्षीणच चमकतात, याचे हे एक कारण आहे.

अँटेना परिणाम

१९४२ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल वाइसमन यांनी युरोपियमच्या काही सेंद्रिय संयुगांचा अभ्यास केला. त्यांत प्रकाश शोषतो तो सेंद्रिय भाग आणि बाहेर टाकतो तो युरोपियमचा आयन, असे त्यांना आढळले. लिगँडचे हे कार्य आकाशवाणीच्या लहरी पकडणाऱ्या अँटेनासारखे असल्यामुळे या प्रक्रियेस पुढे 'अँटेना परिणाम' असे नाव रूढ झाले.

ही प्रक्रिया सामान्यतः तीन टप्प्यांत होते. प्रथम लिगँड जंबुपार प्रकाश शोषून उत्तेजित एकक अवस्थेत जातो. नंतर तो तुलनेने अधिक काळ टिकणाऱ्या त्रिक अवस्थेत येतो. शेवटी ही ऊर्जा धातूच्या आयनाकडे जाते व आयन प्रकाश देतो. हे संक्रमण परिणामकारक होण्यासाठी लिगँडचा प्रकाश शोषणारा भाग आयनाच्या निकट असावा लागतो.

लिगँडची ऊर्जापातळी

लिगँडची त्रिक अवस्था आयनाच्या उत्सर्जक पातळीपेक्षा वर असावी लागते. अंतर फार कमी असल्यास ऊर्जा आयनाकडून लिगँडकडे परत जाते. फार जास्त असल्यास ऊर्जेचे हस्तांतरण मंदावू शकते. तरंगांकाच्या एककात हे अंतर साधारणपणे २,५०० ते ३,५०० प्रति सेंटीमीटर असणे अनुकूल मानले जाते.

डायबेन्झॉयलमिथेन हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याची त्रिक अवस्था सुमारे २०,५०० प्रति सेंटीमीटर इतकी असते. युरोपियमची उत्सर्जक पातळी सुमारे १७,२५० असल्याने हा लिगँड युरोपियमला योग्य ठरतो. टर्बियमची पातळी मात्र सुमारे २०,४०० आहे. तेथे ऊर्जा सहज परत फिरते आणि तोच लिगँड असूनही संयुग निस्तेज राहते. ॲसिटिलॲसिटोनची त्रिक अवस्था २५,००० च्या वर असल्यामुळे ते टर्बियमला अनुकूल असते.

पाण्याच्या रेणूंचा परिणाम

लॅन्थनाइड आयन आकाराने मोठे असून त्यांच्याभोवती बहुधा ८ किंवा ९ अणू बांधले जातात. लिगँडनी ही सर्व स्थाने व्यापली नाहीत, तर उरलेल्या जागी पाण्याचे रेणू येऊन बसतात. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची कंपने उत्तेजित आयनाची ऊर्जा शोषून घेतात आणि ती प्रकाशाऐवजी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जड पाण्यात हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असतो. त्याच्या बंधाच्या कंपनांची ऊर्जा कमी असल्यामुळे तेथे हा ऱ्हास फार थोडा होतो.

याच फरकाचा उपयोग करून विल्यम हॉरॉक्स व डॅनियल सडनिक यांनी १९७९ मध्ये आयनाला बांधलेले पाण्याचे रेणू मोजण्याची रीत मांडली. युरोपियमच्या उत्तेजित अवस्थेचा आयुःकाल साध्या पाण्यात सुमारे ०.११ मिलिसेकंद, तर जड पाण्यात सुमारे ४ मिलिसेकंद असतो. यांचे व्यस्तांक अनुक्रमे ९.१ व ०.२५ येतात. त्यांच्या फरकास १.०५ ने गुणल्यास सुमारे ९.३ हे उत्तर मिळते. म्हणजे पाण्यातील युरोपियम आयनाला सुमारे ९ रेणू बांधलेले असतात. स्फटिक तयार न करता, केवळ प्रकाश विझण्याचा वेग मोजून रचनेचा असा अंदाज बांधता येतो.

पाण्याला दूर ठेवण्यासाठी दोन मार्ग विशेष वापरले जातात. पहिल्यात फेनँथ्रोलीनसारखा दुसरा लिगँड पाण्याची जागा घेतो. दुसऱ्यात आयनाला पिंजऱ्यासारख्या रेणूत बंदिस्त केले जाते. झाँ-मारी लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपिरिडीन घटक असलेली अशी 'क्रिप्टेट' संयुगे तयार केली. अवरक्त प्रकाश देणाऱ्या आयनांच्या ऊर्जापातळ्यांतील अंतर कमी असल्यामुळे त्यांना कार्बन-हायड्रोजन बंधही बाधक ठरतात. अशा वेळी लिगँडमधील हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवणे उपयुक्त ठरते.

सममिती आणि वर्णपट

युरोपियमच्या वर्णपटावरून आयनाच्या परिसराची सममिती ओळखता येते. ५९० नॅनोमीटरजवळील नारिंगी रेषांची तीव्रता परिसर बदलला तरी फारशी बदलत नाही. ६१५ नॅनोमीटरजवळील तांबड्या रेषा मात्र परिसराला अतिशय संवेदनशील असतात. आयन सममितीच्या केंद्रस्थानी असल्यास तांबड्या रेषा जवळजवळ लोप पावतात व संयुग नारिंगी दिसते. सममिती ढळली की तांबडा रंग वरचढ होतो. या दोन गटांच्या तीव्रतांचे गुणोत्तर हे परिसराच्या असममितीचे माप मानतात. ५८० नॅनोमीटरजवळ एका प्रकारच्या आयनस्थानामुळे फार तर एकच रेषा दिसू शकते. तेथे दोन रेषा आढळल्यास संयुगात युरोपियमची किमान दोन भिन्न स्थाने असल्याचा निष्कर्ष काढता येतो.

उपयोग

सजीवांच्या ऊतींतील नैसर्गिक अनुस्फुरण काही नॅनोसेकंदांत संपते, तर युरोपियम व टर्बियम यांचा प्रकाश मिलिसेकंदाच्या पल्ल्यात टिकतो. थोडा वेळ थांबून मापन केल्यास पार्श्वभूमीचा प्रकाश वगळता येतो. रक्तातील संप्रेरके व प्रथिने यांच्या अतिसूक्ष्म प्रमाणांचे मापन या तत्त्वावर केले जाते.

अँथ्रॅक्स (सांसर्गिक काळपुळी) हा रोग उत्पन्न करणाऱ्या बॅसिलस वंशातील जीवाणूंच्या बीजाणूंमध्ये डायपिकोलिनिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. ते टर्बियमला बांधले गेले की अँटेनाचे काम करते आणि क्षीण द्रावण हिरवे चमकू लागते. बीजाणूंच्या शोधासाठी ही चाचणी वापरतात. मात्र त्याच वंशातील निरुपद्रवी जीवाणूंचे बीजाणूही असाच प्रतिसाद देत असल्यामुळे रोगकारक जातीची खात्री वेगळ्या चाचणीने करावी लागते. याखेरीज सुरक्षा शाई आणि तापमान दर्शवणारे पदार्थ यांतही ही संयुगे उपयोगी पडतात.

मर्यादा

बीटा-डायकिटोन वर्गातील लिगँड असलेली अनेक संयुगे तेजस्वी असली, तरी जंबुपार प्रकाशात दीर्घकाळ राहिल्यास त्यांचे विघटन होते. शिवाय एका गुणासाठी केलेला रचनेतील बदल दुसऱ्या गुणास मारक ठरू शकतो. लिगँडला दृश्य प्रकाश शोषता यावा म्हणून त्याची ऊर्जापातळी खाली आणल्यास ऊर्जा परत फिरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे प्रकाशाचे शोषण, ऊर्जेचे हस्तांतरण आणि पाण्यापासून संरक्षण या तिन्ही बाबींचा एकत्र विचार करूनच अशा संयुगांची रचना ठरवावी लागते.