घरांत पाऊस

आधी वास येतो. ओल्या खाकी कापडाचा, खडूच्या भुकटीचा आणि कोणाच्या तरी डब्यातून दप्तरात पाझरलेल्या लोणच्याच्या तेलाचा. मग मांडीला बाकाची निघालेली ढलपी टोचते. बाहेरच्या जगात तुम्ही कोणी का असेना, खिशातला फोन इथे कामाचा नाही. "ए, तिसऱ्या बाकावरचा, वही उघड," असा आवाज येतो आणि तुमचं 'तुम्ही' गळून पडतं. इथून पुढे तू.

सोमवार, 27 जून 1983. गाव वाई, इयत्ता नववी ब. कृष्णेला गढूळ पाणी आलंय, पसरणीचा घाट ढगात बुडालाय, पण वर्गात पावसाचं कोणालाच काही नाही. परवा लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघानं विश्वचषक जिंकला. 183 आणि 140 हे आकडे पुढच्या बाकावर कर्कटकानं कोरूनही झालेत.

मराठीचा जोडतास आहे. सर निवृत्तीला आलेले. छत्री कोपऱ्यात निथळत ठेवून ते फळ्यावर विषय लिहितात : मी अनुभवलेला पाऊस.

तुला हायसं वाटतं. हा येतो. मोठ्या भावाकडून तुझ्याकडे आलेल्या, पुठ्ठा निघालेल्या निबंधांच्या गाइडात तो आहेच. वर्णनात्मक, कल्पनात्मक, आत्मवृत्तात्मक, वैचारिक असे कप्पे, प्रत्येक कप्प्यात तयार माल. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त पाठ असलं की फाटक्या छत्रीचंही लिहिता येतं, थोडे शब्द बदलायचे.

असल्या पुस्तकांना बाजारात सर्रास 'निबंधमाला' म्हणतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी 1874 मध्ये या नावाचं मासिक काढलं तेव्हा ते 23 वर्षांचे होते, पेशानं शाळामास्तर. त्याचे 84 अंक निघाले. त्यांची सगळी मतं आज पटतील असं नाही, पण भीड हा प्रकार त्या लेखणीला ठाऊक नव्हता. त्याच नावाखाली पुढे पोरांना दुसऱ्याची वाक्यं घोकायला देण्यात आली, याला काय म्हणावं?

असो. तू शाईचं पेन झटकतोस, पानावर डाग पडतो, त्यावर खडूचा तुकडा दाबून तो टिपतोस आणि सुरू करतोस. आकाशात काळे ढग जमतात. विजा चमकतात. बळीराजा सुखावतो. धरणीमाता हिरवा शालू नेसते.

वीस मिनिटांनी सर वह्या गोळा करतात. उभ्यानंच एकेक चाळतात आणि पेन्सिलीनं कसल्यातरी रेघा मारत जातात. मग म्हणतात, "अठरा शालू. वाईच्या बाजारात एका दिवसात एवढे खपत नाहीत. शालू नेसलेली धरणी कोणी बघितली? हात वर." 

कोणीच हात वर करत नाही.

"बरं. काल रात्रीपासून आत्तापर्यंत पावसानं तुमच्या घरात काय केलं, तेवढंच लिहायचं. दहा ओळी. ढग नकोत, बळीराजा नको, शेवटाला सुविचारही नको." आणि विषय पुसून ते फळ्यावर नवा लिहितात : घरांत पाऊस.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठते. "सर, रा-वर अनुस्वार दिला तर अनेक घरं होतात."

वर्ग श्वास रोखतो. सर मागे वळून फळ्याकडे बघतात आणि हसतात. "आमच्या वेळी एका घरालाही अनुस्वार होता, बाळ." मग खडू हातात घेऊन उभ्याउभ्याच सांगतात : पूर्वी 'नांव', 'कांहीं', 'त्यानें' असं लिहायचे. उच्चारात नसलेले हे अनुस्वार 1962 च्या नियमांनी काढून टाकले. तेव्हा नियम 14 होते, 1972 मध्ये आणखी 4 आले, झाले 18. "हातानं मात्र ते अजून वाचलेले नाहीत," असं म्हणून ते बोटानं अनुस्वार पुसतात. चूक अशी सहज कबूल करणारा माणूस तू शाळेत पहिल्यांदाच बघतोस.

आता वहीचं पान कोरं आहे आणि गाइडात हा विषय नाही.

काल रात्री काय झालं? माकडांनी कौलं सरकवलीत, म्हणून माजघरात पाच ठिकाणी गळत होतं. आईनं पाच भांडी लावली. पितळी पातेल्यात थेंब टण्णकन वाजतो, जर्मनच्या पातेल्यात थप्प करतो, डालड्याच्या डब्यात आधी जोरात आणि तळाशी पाणी साचलं की हळू. आजीची गोधडी तीनदा हलवली. चौथ्यांदा तिनं हलायला नकार दिला आणि डोक्यावर सूप धरून बसून राहिली. हे लिहिताना तुला हसू येतं. आजवर निबंध लिहिताना तुला कधी हसू आलं नव्हतं.

नववी ओळ झाली. दहावी आपोआप उमटते : यंदा घर शाकारलं नाही, कारण दादांची गिरणी बंद आहे.

पेन थांबतं. तुझे वडील परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि साताऱ्याकडचे पुष्कळजण गावी परतले. दादाही आले. येताना त्यांनी ट्रंक आणली तेव्हाच आईनं ओळखलं होतं. ते रोज म्हणतात, दिवाळीपर्यंत मिटेल. इथे तुझ्यातला तो बाहेरून आलेला माणूस अस्वस्थ होतो. त्याला पुढचं ठाऊक आहे : हा संप रीतसर मागे घेतलाच जाणार नाही, हजारो लोक पुन्हा कामावर कधीच जाणार नाहीत, आणि त्या चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहतील. पण चौदा वर्षांच्या हाताला ते लिहिता येत नाही. तू इकडेतिकडे बघतोस आणि दहावी ओळ खोडतोस. एकदा नाही, चारदा, आडवी, घट्ट.

वही गुरुवारी परत मिळते. सरांनी दुसऱ्या कोणाचा तरी निबंध वाचून दाखवला, तुझा नाही, म्हणून तू खट्टू. उघडून बघतोस तर दहापैकी सहा. सुपाच्या वाक्यापाशी लाल शाईत 'वा'. आणि खोडलेल्या ओळीखाली, खोडलेलं नीट वाचल्याशिवाय लिहिता येणार नाही असं : 'हें कां खोडलेंस? इथून सुरुवात कर.' तीन अनुस्वार जुने.

तू ते पुन्हा लिहितोस. पाच पानं होतात. सर ती शनिवारी शाळा सुटल्यावर वाचतात, वही मिटून तुझ्या हातात देतात आणि छत्री उघडताना एवढंच विचारतात, "कौलं किती लागतील?"

मार्च 1985. बोर्डाची परीक्षा, मराठीचा पेपर. अनोळखी तालुक्यातला अनोळखी परीक्षक, घड्याळात अर्धा तास उरलेला. तू पावसाचा विषय निवडतोस. काळे ढग, विजा, बळीराजा, हिरवा शालू, सगळं ओळीनं येतं, एकही खाडाखोड होत नाही.

निबंधाला किती मिळाले, ते गुणपत्रिकेत वेगळं छापून येत नाही.